द्रावणाचे अंतरंग उलगडणारा शास्त्रज्ञ : स्वांते अऱ्हेनियस

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. चंचुपात्रातील साखरेच्या द्रावणात विजेच्या तारा बुडवल्या तर दिवा लागत नाही. मिठाच्या द्रावणात बुडवल्या की लागतो. साखर आणि मीठ, दोन्ही पाण्यात विरघळून सारखीच दिसेनाशी होतात. मग हा भेद कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या स्वांते अऱ्हेनियस यांचे चरित्र विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांनी आणि पालकांनीही जाणून घ्यावे असे आहे.

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. वडील जमीन मोजणीचे व जमीनजुमल्याच्या व्यवस्थेचे काम करीत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहत पाहत बालवयातच मुलाला आकड्यांची गोडी लागली. १८७६ मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु तेथील मार्गदर्शनाने समाधान न झाल्याने १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञांकडे गेले. अत्यंत विरल द्रावणांतून वीज कितपत वाहते, याची मोजमापे त्यांनी तेथे चिकाटीने घेतली.

द्रावणातील काही भाग वीज वाहून नेण्यास समर्थ असतो व काही नसतो, आणि पाणी वाढवावे तसे या समर्थ भागाचे प्रमाण वाढते, असा निष्कर्ष त्यांनी १८८४ मध्ये उप्सालाला सादर केलेल्या प्रबंधात मांडला. परीक्षकांना तो पटला नाही. प्रबंधाला इतकी खालची श्रेणी मिळाली, की विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग जवळजवळ बंद झाला. उप्सालाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. होल्मियम आणि थुलियम या मूलद्रव्यांच्या शोधाचे श्रेय त्यांच्याकडे जाते. परंतु हा नवा विचार त्यांनाही मानवला नाही.

अऱ्हेनियस यांनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. प्रबंधाच्या प्रती त्यांनी युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्यांपैकी रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना त्याचे मोल उमगले आणि त्याच वर्षी ते स्वतः उप्सालाला येऊन या तरुणाला भेटले. त्यांनी रीगाला येण्याचे निमंत्रण दिले. वडिलांच्या आजारपणामुळे अऱ्हेनियस यांना ते तेव्हा स्वीकारता आले नाही. पण या भेटीनंतर उप्सालातच त्यांना अध्यापनाची संधी मिळाली. पुढे प्रवासवृत्ती मिळाल्यावर त्यांनी ओस्टवाल्ड, कोलराऊश, बोल्ट्झमन आणि व्हान्ट हॉफ यांच्यासमवेत काम केले.

दरम्यान आणखी एक कोडे पुढे आले होते. एक किलोग्रॅम पाण्यात एक मोल साखर विरघळवली, तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंश सेल्सिअसने खाली येतो. विरल द्रावणांत तितक्याच मोल मिठाने ही घट जवळजवळ दुप्पट होते, तर कॅल्शियम क्लोराइडने जवळजवळ तिप्पट. ही घट कणांच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणजे मिठाच्या एका घटकाचे पाण्यात दोन कण होत असले पाहिजेत! पाण्यात मिसळताच असे पदार्थ धन व ऋण प्रभाराच्या आयनांत विभागले जातात, त्यासाठी बाहेरून वीज द्यावी लागत नाही, असा सिद्धांत अऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये मांडला. पाण्याशी झुंजणारे सोडियम आणि विषारी क्लोरीन पाण्यात सुखाने कसे नांदतील, असा आक्षेप घेतला गेला. प्रभारित आयन आणि उदासीन अणू यांचे गुणधर्म सर्वस्वी भिन्न असतात, हे त्याचे उत्तर होते. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते आणि आम्लारी हायड्रॉक्साइड आयन, ही आजच्या पाठ्यपुस्तकातील व्याख्याही याच विचारातून आली.

१९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक. पारितोषिकाच्या निवड समितीत क्लेव्ह होते, हे विशेष. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणितही अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले होते.

त्यांचा सिद्धांत परिपूर्ण नव्हता. मिठासारख्या प्रबळ विद्युत्‌अपघटनींना तो नीट लागू पडत नसे. ती उणीव दूर करण्यासाठी भारतात ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये नवी मांडणी केली आणि १९२३ मध्ये डिबाय व ह्युकेल यांनी अधिक समाधानकारक उत्तर दिले. विज्ञानात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो. परीक्षकाचा नाही आणि नोबेल विजेत्याचाही नाही.

गुणपत्रिका हाती घेताना पालकांनी, आणि ती लिहिताना आम्ही शिक्षकांनी, हे ध्यानी ठेवावे. परीक्षकाला त्या घडीला जे दिसले, त्याचीच नोंद तीवर असते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे अऱ्हेनियस निवर्तले. त्यांचे दफन झाले ते उप्सालात, ज्या नगरीने त्यांच्या प्रबंधाला खालची श्रेणी दिली होती तिच्याच भूमीत.