चार्ल्स डार्विन आणि खडकावरचे बार्नकल

थोरांचीं चरित्रें वाचतांना आपण त्यांतील मोठे प्रसंगच पाहतों, आणि ज्या वर्षांत बाहेरून कांहींच घडलेलें दिसत नाहीं तीं पानें उलटून पुढें जातों. चार्ल्स डार्विन यांचा जलप्रवास आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. जीवजातींच्या उत्पत्तीवरील त्यांचा १८५९ सालचा ग्रंथही ऐकून ठाऊक आहे. त्या दोहोंच्या मध्यें त्यांनीं समुद्रांतील एका क्षुद्र जीवाच्या अभ्यासांत आठ वर्षें घालविलीं. आम्ही येथें मुख्यतः त्याच वर्षांची हकीकत सांगणार आहों.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं इंग्लंडांतील श्रूसबरी येथें झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेंही वैद्यक शिकावें म्हणून त्यास एडिंबरोस पाठविलें. परंतु शस्त्रक्रिया पाहवेना, तेव्हां पाद्री होण्याच्या उद्देशानें तो केंब्रिजला गेला, आणि तेथें अभ्यासापेक्षां भुंगेरे गोळा करण्यांतच अधिक रमला. प्रोफेसर हेन्स्लो यांच्या शिफारशीनें त्यास बीगल जहाजावर जागा मिळाली, व १८३१ पासून १८३६ पर्यंत त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली.

या प्रवासांत, १८३५ च्या जानेवारींत, चिली देशाच्या दक्षिणेकडील चोनोस बेटांच्या किनाऱ्यावर त्यांना एक मोठा शिंपला सांपडला. त्यास बारीक छिद्रें पडलेलीं होतीं, आणि छिद्रांत टांचणीच्या डोक्याएवढा एकेक जीव दडलेला होता. त्याची ठेवण बार्नकलची, पण अंगावर बार्नकलचें कवच मुळींच नाहीं! डार्विन यांनीं तो मद्यार्कांत जपून ठेवला.

बार्नकल म्हणजे काय, हें कोंकणांतील पालकांस सांगणें नको. ओहोटीच्या वेळीं खडकांवरून अनवाणी चालतांना ज्या पांढऱ्या, धारदार टेंगळांनीं तळवे कापतात, व जीं गलबतांच्या बुडास घट्ट चिकटून बसतात, तेच हे जीव. बाहेरून पाहणारा त्यांस शिंपल्यांचे भाऊबंदच समजेल. लिनियस व क्यूव्हिए यांसारख्या पंडितांनींही त्यांस शंखशिंपल्यांच्या वर्गांतच घातलें होतें. १८३० सालीं जॉन व्हॉन टॉम्सन नांवाच्या लष्करी डॉक्टरानें असें दाखविलें कीं, बार्नकलचें पिलूं प्रथम पाण्यांत स्वैर पोहतें, व तें हुबेहूब कोळंबी-खेंकड्यांच्या पिलांच्या जातीचें असतें. पुढें तें डोक्याकडून खडकास चिकटतें, अंगाभोंवतीं चुन्याचें घर बांधतें, आणि जन्मभर डोकें खालीं व पाय वर अशा स्थितींत राहून केसाळ पायांनीं अन्न आंत ओढतें. तेव्हां हा प्राणी शिंपल्यांचा नव्हे, खेंकड्यांचा नातलग ठरला. परंतु त्याच्या शेंकडों प्रकारांची नवी मांडणी कोणींच केली नव्हती.

१८४६ च्या ऑक्टोबरांत डार्विन यांनीं तो चोनोसचा जीव सूक्ष्मदर्शकाखालीं घेतला. काम थोडक्या महिन्यांचें, असा त्यांचा अंदाज होता. येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. जीवजाती बदलत जातात या आपल्या मताचा निबंध त्यांनीं १८४४ सालींच लिहून ठेवला होता, आणि आपण मेलों तर तो छापावा असें पत्नीस पत्रानें कळविलें होतें. पण ज्यानें स्वतः अनेक जातींचें बारकाईनें वर्णन केलेलें नाहीं त्यास या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार नाहीं, अशा अर्थाचें त्यांचे मित्र हूकर यांचें एक विधान त्यांच्या मनास लागलें होतें. तो अधिकार मिळविल्याशिवाय तोंड उघडावयाचें नाहीं, असें जणूं त्यांनीं ठरविलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांत याहून धैर्याची गोष्ट दुसरी नाहीं.

ब्रिटिश म्यूझियमनें आपला संग्रह त्यांच्या स्वाधीन केला. अमेरिकेहून आगासिझ यांनीं व इतरही अनेकांनीं नमुने पाठविले. केंट परगण्यांतील डाउन या गांवीं घरींच बसून, बशींतील पाण्यांत ते एकेक जीव चिरीत. कवचाचा रंग व आकार यांवर विसंबतां येत नाहीं, हें त्यांस लौकरच कळून आलें. कारण जागा बदलली कीं एकाच जातीचें कवच निराळें दिसे. म्हणून कवचाच्या तोंडावरील झांकणाच्या तबकड्या, तोंडाचे अवयव, पायांच्या सहा जोड्या व पिलाचें रूप हीं सारीं ते ताडून पाहत. तरीही नमुने निराळ्या जाती समजून वर्णन लिहावें, तें फाडून सर्वांची एक जात करावी, पुन्हां तेंही फाडावें, असा प्रकार घडे. दुसरा कोणी वैतागला असता. तेही वैतागत, पण जातींमधील सीमा इतक्या पुसट असाव्यात यांत त्यांना आपल्या दडविलेल्या निबंधाची साक्षच मिळत होती.

१८४८ सालीं एक नवल दिसलें. बहुतेक बार्नकलांत नर व मादी एकाच देहांत असतात. परंतु इब्ला नांवाच्या प्रकारांत मादीच्या अंगास कांहीं अतिसूक्ष्म जीव चिकटलेले आढळले. प्रथम हे परोपजीवी असावेत असें त्यांस वाटलें. नीट पाहतां तेच नर निघाले! दुसऱ्या एका प्रकारांत तर उभयलिंगी प्राण्याच्या अंगावरही असे नर होते; म्हणजे एका अवस्थेंतून दुसरीकडे जाणारी पायरीच जणूं हातीं लागली.

या काळांत सुख मात्र थोडें होतें. १८४८ च्या नोव्हेंबरांत वडील वारले. स्वतःच्या पोटाचें दुखणें इतकें वाढलें कीं, १८४९ सालीं माल्व्हर्न येथें जलोपचारासाठीं जावें लागलें. त्याच गांवीं १८५१ च्या वसंतांत त्यांनीं आपली लाडकी मुलगी ॲनी हिला उपचारासाठीं नेलें. आई घरीं, प्रसूतीच्या दिवसांत. बाप मुलीच्या उशाशीं. २३ एप्रिल रोजीं दहा वर्षांची ॲनी गेली. त्याच वर्षीं बार्नकलांवरील पहिले भाग प्रसिद्ध झाले. त्या छापील पानांत या दुःखाचा मागमूसही नाहीं.

मुलांना तर बापाचा हा उद्योग इतका अंगवळणी पडला होता कीं, त्यांतील एकानें शेजारच्या गृहस्थांविषयीं, ते आपले बार्नकल कोठें करतात, असें विचारलें म्हणून सांगतात.

१८५३ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस पदक दिलें. १८५४ सालीं शेवटचा मोठा भाग निघाला. मुंबईच्या बंदरांत आज विपुल आढळणाऱ्या एका बार्नकलचें वर्णन व नांव त्यांतलेंच आहे. चोनोसच्या त्या चिमुकल्या जीवासही त्यांत क्रिप्टोफायलस हें नांव मिळालें. ग्रंथांत चुका नव्हत्या असें नाहीं. बार्नकलच्या चिकट द्रवाची ग्रंथी त्यांनीं चुकीची ओळखली होती. क्रोन नांवाच्या जर्मन विद्वानानें ती चूक दाखविली, व डार्विन यांनीं ती आत्मचरित्रांत मोकळेपणीं कबूल केली. इतका वेळ घालविणें योग्य होतें काय, अशी शंकाही त्यांनीं तेथेंच नमूद केली आहे. आम्हांस ती शंका निराधार वाटते.

१८५४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं उसने नमुने बांधून ज्याचे त्यास परत धाडले, आणि जातींविषयींचीं जुनीं टिपणें बाहेर काढलीं. १९ एप्रिल १८८२ रोजीं ते वारले. त्यांस वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें पुरलें आहे. त्यांनीं स्वतः तयार केलेल्या बार्नकलांच्या कांचपट्ट्या केंब्रिजच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयांत ठेवल्या आहेत.