किहीमची वाळू आणि एक रेघ

माधव नगरच्या आमच्या घरी आजी अजून क्रोशाचं काम करते. चर्चच्या वेदीवरच्या कापडाला लावायची लेस. दोन वर्षांपासून तिचा हात थरथरतो. एक टाका चुकला तरी ती सगळी ओळ उसवते आणि पुन्हा विणते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, आजी, राहू दे ना आता. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याच सुट्टीत मी नसरीन मोहम्मदी या चित्रकर्तीबद्दल वाचत होते. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगते.

नसरीनचा जन्म १९३७ चा, कराचीतला. ती अगदी लहान असतानाच आई गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. वडिलांचं बहारीनमध्ये फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कॅमेरा घरचाच. १९५४ ते ५७ ती लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकली. परतल्यावर मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली. तिथे वासुदेव गायतोंडे भेटले आणि त्यांचा तिच्यावर खोल परिणाम झाला. १९६१ मध्ये गॅलरी ५९ मध्ये तिचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. मग दोन वर्षं पॅरिस.

त्या काळातल्या तिच्या चित्रांत झाडंझुडपं आहेत. हुबेहूब नाहीत. शाई कागदावर पसरते आणि त्यातून कुठे फांदी, कुठे पान, कुठे नुसता देठ असल्यासारखं वाटतं. पुढे पान गेलं, फांदी गेली, रंगही गेला. सत्तरच्या दशकात उरली ती कागदावर पेन्सिलीने आणि शाईने, यंत्रचित्रकाराची साधनं वापरून काढलेली सरळ रेघ. एकीशेजारी दुसरी, कधी दाट, कधी विरळ.

खरं सांगायचं तर मी आधी वैतागले. हे तर इंजिनिअरिंग ड्रॉइंग! मग तिने काढलेले फोटो बघितले. ओहोटीनंतर वाळूवर उठलेल्या वळ्या. मागावर ताणलेले धागे. फत्तेपूर सिक्रीतली फरसबंदी. हे फोटो तिने हयातीत कधीच प्रदर्शनात मांडले नाहीत. पण ते बघून पुन्हा चित्रांकडे आले, तेव्हा त्या रेघांत मला लाटा दिसू लागल्या. झाडाचं रूप गेलं होतं, त्याची लय राहिली होती.

१९७२ पासून ती बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकवायची. उज्जैनहून रतलाममार्गे गाडीने काही तासांवर बडोदा; तरी तिचं नाव मी एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक चित्रांना तिने नाव दिलं नाही, तारीखही घातली नाही.

शेवटच्या वर्षांत तिला मज्जासंस्थेचा आजार जडला. शरीरावरचा ताबा सुटत चालला. चालणं अवघड झालं. आणि नेमक्या याच काळातली चित्रं सर्वांत काटेकोर आहेत. मोकळ्या कागदावर एखादी तिरपी रेघ, एखादा त्रिकोण, एखादं वर्तुळ, जणू हवेत सोडून दिलेलं. ज्या हाताला कप धरणं जड जात असेल, त्या हाताने ही रेघ कशी ओढली असेल? मला उत्तर माहीत नाही.

मे १९९० मध्ये, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरी ती गेली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर हे संग्रहालय सुरू झालं, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांपैकी एक तिचं होतं. ते बघायला ती नव्हती.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी आजीला ती चित्रं मोबाइलवर दाखवली. तिने चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ही बाई विणायची का गं?

आता मी तिला थांब म्हणत नाही. तिने ओळ उसवायला घेतली, की शेजारी बसून दोरा गुंडाळते.