आजचे मनन: याकोब 5:1-11

या वचनांत आधी श्रीमंतांना इशारा आहे आणि लगेच दुःखात धीर धरण्याचा बोध. मला दोन्ही योहान क्रिसोस्तोम यांच्या आयुष्यात दिसतात. 398 मध्ये ते कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. बिशपच्या घरातला थाटमाट त्यांनी बंद केला, तो पैसा गरिबांच्या रुग्णालयांकडे वळवला. उपदेशात ते श्रीमंतांना त्यांच्या उधळपट्टीबद्दल स्पष्ट सुनवायचे. दरबार चिडला. 404 मध्ये त्यांना हद्दपार केलं. दूरच्या कुकुसस गावातून, स्वतः आजारी असूनही, ते ऑलिंपियास या सेविकेला धीर देणारी पत्रं लिहीत राहिले. 407 मध्ये त्यांना आणखी लांब पाठवलं, त्या खडतर प्रवासातच ते वारले.

याकोब धीराचं उदाहरण म्हणून संदेष्टे दाखवतो, आणि संदेष्टे तर बोलणारे होते! खरं बोलायचं, आणि त्याची किंमत कटुतेशिवाय सोसायची, हाच धीर.

प्रभू, आम्हाला असा धीर दे. आमेन.