विश्लेषण : हेडफोनच्या खोक्यावरचे ‘ओहम’ कोण होते? अ‍ॅम्प्लिफायर निवडताना त्यांचे सूत्र कसे उपयोगी पडते?

वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजारात मोबाइलचे इअरफोन हवे तेवढे मिळतात. पण वीस-तीस हजारांचा हेडफोन आधी कानाला लावून पाहायचा आणि मग घ्यायचा, अशी सोय जिल्ह्याच्या गावी सहसा नसते. खरेदी ऑनलाइन होते, ती खोक्यावरचे आकडे वाचून. त्यातला ‘३२ ओहम’, ‘२५० ओहम’ हा आकडा अनेकांना बुचकळ्यात टाकतो. त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा की नाही, हा पुढचा प्रश्न आणि पुढचा खर्च. ओहम हे एका जर्मन शाळामास्तराचे आडनाव आहे. त्यांनी मांडलेले सूत्र नीट समजले तर यातला बराचसा गोंधळ मिटतो.

ओहम कोण होते?

गेऑर्ग सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न शिकलेल्या या माणसाने स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान आत्मसात केले आणि मुलांनाही घरीच शिकवले. सात भावंडांपैकी तीनच जगली. गेऑर्ग दहा वर्षांचे असताना आई गेली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. १८०५ मध्ये गेऑर्ग एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले, पण अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचे स्केटिंग आणि बिलियर्ड्स यांतच जास्त रमले. संतापलेल्या वडिलांनी त्यांना विद्यापीठातून काढले आणि ते स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागले. तिथे त्यांनी स्वतःच अभ्यास केला आणि परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठातल्या शिकवण्यावर पोट भरेना, म्हणून १८१३ मध्ये बाम्बेर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी धरली. १८१७ मध्ये भूमितीवर पुस्तक लिहिले आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाला पाठवली. त्यातूनच कोलोन येथील चांगल्या शाळेत नोकरी मिळाली.

कोलोनमध्ये काय घडले?

या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी विजेमुळे चुंबकसुई हलते हे दाखवले आणि ओहम यांना विजेच्या प्रयोगांचे वेड लागले. वेगवेगळ्या लांबीच्या तारा मंडलात जोडायच्या आणि चुंबकसुई किती वळते ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. अडचण बॅटरीची होती. त्या काळच्या बॅटरीचा दाब सतत बदलायचा, त्यामुळे मोजमाप बिघडायचे. १८२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पहिले सूत्र चुकीचे निघाले. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी सोडून तांबे आणि बिस्मथ यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. थॉमस सीबेक यांनी शोधलेल्या या युक्तीतून मिळणारा विद्युतदाब स्थिर होता. १८२६ मध्ये योग्य सूत्र हाती आले.

सूत्र नेमके काय सांगते?

शाळेत शिकलेले रूप सर्वांना ठाऊक असते : व्होल्टेजला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. पण १८२६ च्या मूळ मांडणीत एक गोष्ट जास्त होती. तारेच्या रोधात ओहम यांनी मंडलाच्या उरलेल्या भागाचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या साधनाचाही रोध मिळवला होता. वीज देणाऱ्यालाही स्वतःचा अडथळा असतो आणि तो हिशेबात धरावाच लागतो, असा त्याचा अर्थ. अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन यांची जोडी जुळवणे म्हणजे हाच हिशेब.

मग नोकरी का सोडावी लागली?

ओहम यांना विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे होते. अर्ध्या पगारी रजेवर ते बर्लिनला भावाकडे राहिले आणि १८२७ मध्ये सगळे संशोधन गणिताच्या भाषेत पुस्तकरूपाने मांडले. अनेक जर्मन भौतिकतज्ज्ञांना इतके गणित रुचले नाही, काहींनी कठोर टीका केली. प्राध्यापकपद मिळाले नाही. निराश होऊन १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्या करण्यात गेली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली, पण विद्यापीठ दूरच राहिले.

मान्यता कधी मिळाली?

ती परदेशातून आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कॉप्ली पदक दिले आणि पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतले. म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले तेव्हा १८५२ साल उजाडले होते. तरुणपणापासून हवे असलेले पद त्यांना जेमतेम दोन वर्षे उपभोगता आले. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ‘ओहम’ हे नाव मिळाले. पुढे बदलत्या विद्युतधारेला होणाऱ्या एकूण अडथळ्यासाठी ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये ‘इम्पीडन्स’ हा शब्द रूढ केला. तोही ओहममध्येच मोजतात. खोक्यावर छापलेला असतो तो हा इम्पीडन्स.

कानाशी त्यांचा काय संबंध?

१८४३ मध्ये ओहम यांनी ध्वनीविषयीही एक नियम मांडला. मिश्र ध्वनी कानावर पडला की कान त्यातले शुद्ध स्वर वेगवेगळे करून ऐकतो, असा तो नियम. आपल्याकडे याचे उदाहरण म्हणजे तंबोरा. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तो वेगळा छेडलेला नसतो. तारेच्या ध्वनीतच असलेला तो स्वर कान निवडून घेतो. या नियमाला सर्वात मोठा विरोध ऑगस्ट सीबेक यांनी केला. ज्यांची युक्ती ओहम यांना उपयोगी पडली होती, त्या थॉमस सीबेक यांचे हे चिरंजीव. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या ग्रंथात ओहम यांचा नियम उचलून धरला. ऐकण्याची क्रिया त्याहून गुंतागुंतीची असते आणि सीबेक यांच्या आक्षेपातही तथ्य होते, हे नंतरच्या संशोधनातून दिसले.

हेडफोन घेताना हे कसे वापरायचे?

समजा, मोबाइलला लावलेला छोटा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती मिळते. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मिळते सुमारे ३.३ मिलिवॅट, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा. तिथेही ३० मिलिवॅट हवे असतील तर ३ व्होल्ट लागतात. जास्त ओहमच्या हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो तो या जास्त व्होल्टेजसाठी. बेयरडायनॅमिकचे डीटी ९९० हे मॉडेल ३२, २५० आणि ६०० ओहम अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत मिळते. फक्त मोबाइलवर ऐकायचे असेल तर ३२ ओहमची आवृत्ती घ्यावी. ६०० ओहमची स्वस्तात मिळाली, तरी अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वाढतो.

दुसरा आकडा अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या रोधाचा, म्हणजे ‘आउटपुट इम्पीडन्स’चा. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमसाठी ४ ओहमपेक्षा कमी. बहुतेक हेडफोनचा इम्पीडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो. नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये तो खालच्या स्वरांजवळ वाढतो. अ‍ॅम्प्लिफायरचा रोध मोठा असेल तर तिथे जास्त व्होल्टेज पोहोचते, खर्ज फुगतो आणि तबल्याच्या डग्ग्याचा आवाज सैल वाटतो. अशा वेळी दोष हेडफोनचा नसून जोडीचा असतो.

फक्त ओहम पाहून चालेल?

नाही. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला किती डेसिबल आवाज मिळतो, हेही पाहावे लागते. हायफायमॅन एचई-६ हा हेडफोन अवघ्या ५० ओहमचा, पण त्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल इतकी कमी की भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरची दमछाक होते. कंपन्यांचे आकडे ताडून पाहताना ते प्रति मिलिवॅट आहेत की प्रति व्होल्ट, हे आधी तपासावे. दोन्ही प्रकारांची थेट तुलना होत नाही. उलट, अतिसंवेदनशील इअरफोन दणकट अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर आवाज क्षणात कानाला घातक पातळीवर जाऊ शकतो. म्हणून आवाजाची कळ शून्यावर ठेवूनच हेडफोन जोडावा.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो आणि कंपनीने तो जुळवलेला असतो. बिनतारी वापरताना वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा काहीही उपयोग नाही. तारेचा हेडफोन मोबाइलवर पुरेसा मोठा वाजत असेल, आवाजाची कळ शेवटपर्यंत न्यावी लागत नसेल आणि डोंगलचा आउटपुट इम्पीडन्स कमी असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे खिशातच ठेवावेत.