विश्लेषण : भाताच्या उडव्या पेटवून गाव वाचवणारे हामागुची गोर्यो

दरवर्षी ५ नोव्हेंबरला जागतिक त्सुनामी जागृती दिन पाळला जातो. या तारखेमागे जपानमधील एका सोया सॉस व्यापाऱ्याची कामगिरी आहे.

कोण होते गोर्यो?
जन्म १८२०, हिरो गावात. हे किनारी गाव आजच्या वाकायामा प्रांतात येते. घराण्याचा सोया सॉसचा धंदा तोक्योच्या पूर्वेला चोशी येथे होता. तो सांभाळत त्यांनी गावाशी नाते टिकवले.

त्या रात्री काय घडले?
२४ डिसेंबर १८५४. जुन्या जपानी पंचांगानुसार अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस. म्हणून ५ नोव्हेंबर. आदल्या दिवशीच्या भूकंपानंतर उंचावर गेलेले गावकरी घरी परतले होते. दुपार कलल्यावर त्याहून मोठा धक्का बसला आणि समुद्र गावात शिरला. लाटेत सापडलेले गोर्यो कसेबसे उंचावर पोहोचले. अंधारात मागे राहिलेल्यांना वाट दिसेना, तेव्हा त्यांनी शेतातल्या भाताच्या उडव्या पेटवल्या. त्या उजेडात अनेक जण टेकडीवरच्या देवळापर्यंत आले. त्यानंतर आणखी मोठी लाट आली.

लाफ्काडिओ हर्न यांच्या कथेत गोर्यो टेकडीवर राहणारे म्हातारे आहेत. प्रत्यक्षात तेव्हा ते तिशीत होते आणि घर गावातच होते.

त्सुनामी तिथेच पुन्हा का?
जपानच्या दक्षिणेला नानकाई गर्तेत फिलिपिन समुद्राचे भूपट्ट जपानखाली सरकते. दोन भूपट्टे अडकून ताण साठतो; तो सुटला की समुद्रतळ उसळतो आणि वरचे पाणी लाटा होऊन पसरते. ताण पुन्हा साठू लागतो. म्हणूनच १७०७, १८५४ आणि १९४६ मध्ये इथे त्सुनामी आली. जगातील बहुतांश त्सुनामी प्रशांत महासागराभोवतीच्या अशाच पट्ट्यात होतात.

खरे मोठे काम कोणते?
भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा नव्हता, पण लाट पुन्हा येणार हे गोर्योंना ठाऊक होते. घरेदारे, होड्या गमावलेले लोक गाव सोडू लागले होते. गोर्योंनी पदरचा पैसा घालून समुद्रालगत बांध घालायला घेतला आणि गावकऱ्यांनाच मजुरी दिली. लोक टिकले, गावही टिकले. १८५८ मध्ये सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध पूर्ण झाला.

१८८५ मध्ये परदेश प्रवासात न्यूयॉर्क येथे गोर्यो वारले. १९४६ च्या त्सुनामीत बांधाआडचे बहुतेक गाव वाचले.

आपल्यासाठी काय?
१९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. २००४ मध्ये सुमात्राजवळच्या भूकंपाने तमिळनाडू, अंदमान-निकोबारमध्ये हाहाकार माजवला. किनाऱ्यावर जोराचा वा बराच वेळ धक्का जाणवला, पाणी अचानक ओसरले, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागा गाठावी. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरू नये; हिरोत मोठी लाट नंतरच आली होती.