विश्लेषण : सिंथेटिक की मिनरल ऑइल? या वादाच्या मुळाशी असलेले ‘एरंडेलवाले’ चार्ल्स वेकफिल्ड कोण होते?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारी एक फोन हमखास येतो. ऑइल मिनरल टाकू की सिंथेटिक? सिंथेटिकचा दर ऐकून आपण क्षणभर गप्प होतो आणि बहुतेकदा समोरचा म्हणेल त्याला ‘हो’ म्हणून मोकळे होतो. इंजिन थंड असताना पुरेसे पातळ आणि तापल्यावर पुरेसे दाट राहील असे तेल आणायचे कुठून, हे कोडे मात्र शंभरहून अधिक वर्षे जुने आहे. एका इंग्रज व्यापाऱ्याने त्यावर काढलेला तोडगा आपल्या आजीच्या फडताळात होता. एरंडेल!

कोण होते वेकफिल्ड?

चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड यांचा जन्म १२ डिसेंबर १८५९ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील कस्टम्स खात्यात होते. वेकफिल्ड मात्र तेलाच्या धंद्यात शिरले आणि ‘व्हॅक्यूम ऑइल’ या अमेरिकी कंपनीत नोकरीला लागले. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) चाळिशीच्या उंबरठ्यावर, १८९९ मध्ये, त्यांनी ही नोकरी सोडली आणि लंडनच्या चीपसाइड भागात ‘सी. सी. वेकफिल्ड अँड कंपनी’ सुरू केली. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून व्हॅक्यूममधले आठ सहकारीही बाहेर पडले. सुरुवातीचे गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे आणि अवजड यंत्रे.

पण रस्त्यावर मोटारी आणि आकाशात विमाने दिसू लागली, तशी वंगणाची गरज बदलली. ही इंजिने वेगाने फिरत, लवकर तापत. वेकफिल्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात एरंडेल मिसळून पाहिले. एरंडेल धातूला घट्ट धरून राहते आणि तापल्यावरही त्याचा थर सहज तुटत नाही. १९०९ मध्ये हे मिश्रण बाजारात आले. एरंडेलाचे इंग्रजी नाव कॅस्टर, त्यावरून तेलाचे नाव ठेवले ‘कॅस्ट्रॉल’.

एरंडेलाचे दोषही होते. ते हवेतल्या ऑक्सिजनने खराब होते आणि इंजिनात चिकट थर साचतो. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांत इंजिनच गरगर फिरत असे आणि जळके एरंडेल थेट वैमानिकाच्या तोंडावर उडे. पोटावर त्याचा काय परिणाम होत असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

विक्रमांवर पैसा का लावला?

वेकफिल्ड १९१५-१६ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर होते, पुढे व्हायकाउंट झाले. दानशूर म्हणून त्यांचे नाव होतेच, पण वेगाचे विक्रम करणाऱ्यांना ते हात सैल सोडून पैसे देत. आपले तेल तिथे टिकले की जाहिरात आपोआप होते, हा हिशेब त्यात होताच. मे १९३० मध्ये एमी जॉन्सन एकटी ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला उडाली. वाटेत ती झाशीलाही उतरली होती. तिच्या जुन्या विमानाच्या खर्चात वडिलांबरोबर वेकफिल्ड यांचाही वाटा होता.

पुढच्याच महिन्यात या हौसेची दुसरी बाजू दिसली. १३ जून १९३० रोजी विंडरमिअर तलावात ‘मिस इंग्लंड २’ या वेकफिल्ड यांच्या बोटीतून हेन्री सीग्रेव्ह यांनी पाण्यावरच्या वेगाचा विक्रम मोडला आणि त्याच फेऱ्यांत बोट उलटून त्यांचा मृत्यू झाला. वेकफिल्ड थांबले नाहीत. बोट दुरुस्त झाली, नवा चालक आला, विक्रम पुन्हा मोडला गेला. हे जिद्दीचे की धंद्याचे, यावर दोन मते होऊ शकतात. मला दोन्ही वाटते.

१५ जानेवारी १९४१ रोजी वेकफिल्ड यांचे निधन झाले. कंपनीने १९६० मध्ये त्यांचे नाव बाजूला ठेवून तेलाचेच नाव घेतले.

मग ‘सिंथेटिक’ म्हणजे नेमके काय?

मिनरल ऑइल म्हणजे कच्चे तेल शुद्ध करून मिळालेले वंगण. त्यात लहान-मोठे सगळे रेणू असतात. लहान उष्णतेने उडून जातात, मेणासारखे थंडीत गोठतात. सिंथेटिकमध्ये जवळपास एकसारखे रेणू कारखान्यात जोडून घडवतात. त्यामुळे ते थंडीत वाहते आणि उष्णतेत टिकते. एरंडेलही गेले नाही. त्यापासून मिळणाऱ्या सेबॅसिक ॲसिडची एस्टर तेले सुरुवातीच्या जेट इंजिनांत वापरली गेली.

तिसराही प्रकार आहे. कच्च्या तेलाचेच रेणू हायड्रोजनच्या साह्याने तोडून नव्याने रचायचे. कॅस्ट्रॉलने अमेरिकेत असे तेल ‘सिंथेटिक’ म्हणून विकले, तेव्हा मोबिलने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. गंमत अशी की, मोबिल ही वेकफिल्ड यांनी सोडलेल्या व्हॅक्यूम ऑइलचीच वारसदार! तेव्हापासून डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द तेल कुठून आले, यापेक्षा ते कसे चालते याबद्दल जास्त सांगतो.

आपल्या गाडीत कोणते टाकायचे?

आधी मॅन्युअल उघडा. तिथे ‘०डब्ल्यू-२०’सारखा पातळ ग्रेड किंवा टर्बो इंजिन असेल, तर सिंथेटिकचे पैसे वाचवू नका. जुन्या, साध्या इंजिनाला ‘२०डब्ल्यू-५०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ सांगितले असेल, तर वेळेवर बदललेले मिनरल पुरते. गाडी कमी फिरत असेल तर किलोमीटर नव्हे, महिने मोजा. सिंथेटिकनंतर मिनरल टाकता येत नाही, हा समज चुकीचा आहे. पण सिंथेटिक टाकले म्हणून वॉरंटीतल्या गाडीची सर्व्हिसिंगची तारीख पुढे ढकलता येत नाही.