मरींतील पाळक : मार्टिन रिंकार्ट

जर्मन मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या प्रसंगीं जें गीत आवर्जून गाइलें जातें, आणि ज्याचीं भाषांतरें जगभर झालीं आहेत, तें मार्टिन रिंकार्ट नांवाच्या एका पाळकानें रचिलें. गीत ऐकून वाटतें कीं, रचणाराचें घर धान्यानें भरलेलें असावें. त्याचें चरित्र मात्र निराळें आहे.

साक्सनी प्रांतांत आयलेनबुर्ग नांवाचें तटबंदीचें लहान शहर आहे. तेथें २३ एप्रिल १५८६ रोजीं रिंकार्ट यांचा जन्म झाला. बाप लांकडी पिंपें घडविणारा कारागीर. लाइप्सिक येथें सेंट थॉमस शाळेच्या गायकवर्गांत व पुढें विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें. तरुणपणीं त्यांनीं लूथरच्या कार्यावर नाटकें लिहिलीं. सन १६१७ त त्यांस जन्मगांवींच पाळकाचें काम मिळालें, आणि दुसऱ्याच वर्षीं जर्मनींत युद्ध पेटलें तें तीस वर्षें शमलें नाहीं.

खेड्यापाड्यांतील लोक जीव घेऊन आयलेनबुर्गच्या तटाआड येऊं लागले. शहरांत दाटी झाली. सन १६३७ त तेथें मरीनें थैमान मांडलें. मुख्य पाळक हवापालटासाठीं बाहेर गेले, ते विनवूनही परतेनात. त्यांस दोष देणें आम्हांस सोपें आहे. मरी दाराशीं आल्यावर आपण काय केलें असतें हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. ८ मे रोजीं रिंकार्ट यांची पत्नी निवर्तली. ७ ऑगस्ट या एकाच दिवशीं त्यांनीं चार पाळकांस मूठमाती दिली. दोन शहरांतले, दोन आपापल्या मंडळ्या सोडून आश्रयास आलेले. त्यानंतर कांहीं काळ शहरांत तेच एकटे पाळक उरले. दिवसाला चाळीस-पन्नास प्रेतांचा विधि ते करीत. असे सुमारें ४,४८० विधि त्यांनीं केले. शेवटीं आश्रितांचीं प्रेतें विधीवांचून चरांत पुरावीं लागलीं. एकंदर आठ हजारांच्या सुमारास माणसें दगावलीं. सन २०२० त कोरोनाच्या साथींत प्रेतविधीला वीसच माणसांची परवानगी होती, तेव्हां ज्या उपदेशकांनीं स्मशानांत उभें राहून प्रार्थना केली, त्यांस या आंकड्याचा भार कळेल.

पुढच्या वर्षीं विधवा-विधुरांच्या लग्नांची रीघ लागली. २४ जून रोजीं स्वतः रिंकार्ट यांनींही दुसरा विवाह केला. आम्हांस यांत हंसण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. मोडलेलीं घरें पुन्हा उभीं राहत होतीं. मग दुष्काळ पडला. रिंकार्ट यांनीं घरांत होतें नव्हतें तें वांटून दिलें. सन १६३९ त स्वीडिश सैन्यानें शहरावर तीस हजारांची खंडणी लादली. रिंकार्ट यांची विनंती सेनापतीनें धुडकावली, तेव्हां त्यांनीं लोकांस घेऊन गुडघे टेकले. हें पाहून खंडणी दोन हजारांवर आली असें सांगतात.

एवढें करूनही अधिकाऱ्यांनीं त्यांस पैशांच्या व इतर बाबतींत उतारवयांत फार छळिलें. उपकार केलेल्यांकडून उपकार मानले गेले नाहींत, ही गोष्ट चरित्रकार लवकर आटोपतात. आम्हांस ती महत्त्वाची वाटते, कारण आमच्या खेड्यांतील सेवकांसही हाच अनुभव येतो.

आतां त्या गीताविषयीं. सन १६४८ च्या तहाच्या आनंदांत तें रचिलें, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. बर्लिनच्या योहान क्रूगर यांच्या गीतसंग्रहांत तें सन १६४७ तच छापलेलें आहे. मूळ तें जेवणाच्या मेजावर म्हणावयाची लहानशी प्रार्थना. त्यांत बाळपणापासूनचे उपकार आठविले आहेत; मागणें आहे तें आनंदी मनाचें, शांतीचें आणि संकटांतून सुटकेचें. धनधान्य मागितलेलें नाहीं. सन १६३७ त ज्या घरच्या मेजावरची आईची जागा रिकामी झाली, त्या घरच्या पाळकाचे हे शब्द.

तह झाला तेव्हां रिंकार्ट थकून गेले होते. पुढें वर्षभरानें, ८ डिसेंबर १६४९ रोजीं, आयलेनबुर्ग येथेंच त्यांनीं देह ठेविला.